याईराचा सवाल

"दाजी, कुठे आहात?"

"मनमाडला. कांदा उतरतोय. का रे?"

"अक्काच्या छातीत दुखायला लागलं. सीरियस आहे. पण बोलतेय. तुम्हाला विचारतेय. निघा लगेच."

फोन नथानेलचा होता. माझा मेहुणा. सगळे त्याला नाथा म्हणतात. माझी बायको सरोजिनी त्याच्याकडे सावरगावला गेली होती, त्याच्या नव्या घराच्या प्रार्थनेला. मी अर्धा माल तसाच टेम्पोत ठेवला आणि निघालो. रस्ताभर मी सरूशी बोलत होतो. शेजारी सीट रिकामी होती, तरी बोलत होतो. थांब, आलोच. सकाळची गोळी घेतली नसशील, मला माहीत आहे. असं काहीबाही.

पोहोचलो तर नाथाच्या अंगणात बाया बसल्या होत्या. कोणी रडत नव्हतं. रडून झालं होतं. आत सरूला आंघोळ घालून, पांढरी साडी नेसवून ठेवलं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस पूर्ण वाळलेले होते. सरूचे केस दाट, न्हाल्यावर दुपारपर्यंत ओले राहायचे.

मी बाहेर आलो. नाथा खांबाला टेकून उभा होता.

"बोलतेय म्हणालास ना?"

तो जमिनीकडे बघत राहिला.

"मला विचारतेय म्हणालास ना?"

माती देऊन झाल्यावर मी त्याच्याशी बोललो नाही. त्याचे फोन आले, घेतले नाहीत. तो दोनदा घरी आला. मी मागच्या दाराने शेतात गेलो.

लोकांनी मला समजावलं. गाडी चालवणाऱ्या माणसाला असंच सांगतात, आमोसभाऊ. गेली म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही टेम्पो कुठे घातला असता? खरं होतं. असे फोन मीही केले होते. माणूस गेलेला असला तरी "जरा जास्त आहे, या" असंच आपल्याकडे म्हणतात, आणि ऐकणारा समजतो. पण मग सीरियस आहे एवढं पुरे होतं. बोलतेय कशाला? तुम्हाला विचारतेय कशाला? एवढं वरचं त्याने पदरचं घातलं, आणि मी त्यावर सगळा रस्ता आलो. ते मला गिळता येत नव्हतं.

त्याच सालच्या कापणीच्या सणाची ही गोष्ट आहे.

आमच्या भागातल्या चर्चमध्ये सुगी झाली की कापणीचा सण करतात. लोक देवाला बाजरी, भोपळे, कोंबड्या, काय पिकेल ते आणतात, त्याचा लिलाव होतो, मग जेवण. आणि जेवणानंतर आमच्या भोयखेडची आणि सावरगावची भजनी मंडळं समोरासमोर बसतात. सवाल-जवाब होतो. सवालात शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, अशा दोन जागा घालायच्या की एक म्हणते असं आणि दुसरी म्हणते तसं. समोरच्यांनी दोन्ही जागा उभ्या राहतील असा जवाब गाऊन द्यायचा. नुसतं गाऊन चालत नाही. पंच विचारतात, "आधार?" मग शास्त्रातलं वचन दाखवायचं. जो हरेल त्याची ढोलकी वर्षभर जिंकणाऱ्याच्या चर्चमध्ये खुंटीला टांगायची. ढोलकी गेलेल्या गावाला वर्षभर डबा बडवून भजन करावं लागतं, आणि येणारा-जाणारा विचारतो, "काय, आवाज बारीक झाला का?"

आमच्याकडे गायचो मी, पण सवाल सोडवायची सरू. बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसायची. सवाल आला की मी तिकडे बघायचो. ती बोटांवर पुस्तक आणि अध्याय दाखवायची, आणि मला कळायचं. सावरगाव तिचं माहेर. नाथा तिकडचा मुख्य गायक. दर वर्षी तो ओरडायचा, "पाळकसाहेब, ही फितुरी आहे! आमचीच पोरगी आमच्यावर!" सरू म्हणायची, "पोरगी दिली तेव्हा डोकं काढून ठेवायचं होतं."

त्या वर्षी मी बसणारच नव्हतो. पण आमचा ढोलकीवाला बर्नबा सकाळीच दारात येऊन उभा राहिला.

"आमोसभाऊ, तुम्ही नाही बसलात तर गाणार कोण? मी?"

"गा की."

"मी गायलो तर लिलावातल्या कोंबड्या पळून जातील."

"बर्नबा, समोर नाथा असणार."

"मग तर बसाच. हरवा त्याला. त्याची ढोलकी आणू आणि वर्षभर मी ती रोज बडवतो, तुमच्या नावानं."

खरं सांगतो, मी त्यासाठीच बसलो. नाथाला खाली मान घालून परत जाताना बघायचं होतं.

मांडव भरला होता. सावरगावची माणसं जीपच्या टपावरसुद्धा बसून आली होती. पंच म्हणून तालुक्याच्या चर्चचे पाळक शेलारसाहेब होते. मोठा गमत्या माणूस, पण नियमाला पक्का. नाथा समोर बसला. दाढी वाढलेली, अंगानं उतरलेला. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मी झांजा पुसत बसलो.

पहिला सवाल आमचा. बर्नबाने ढोलकीवर थाप मारली आणि मी गायलो की गल्याथाला दाविदाने मारलं असं सगळं जग म्हणतं, मग शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात एल्हानान मध्येच कुठून आला? सावरगावचा एक तरणा गडी लगेच उठला. एल्हानानने मारला तो गल्याथाचा भाऊ, आधार इतिहासाचं पहिलं पुस्तक. शेलारसाहेबांनी पान काढून बघितलं आणि हात वर केला. सावरगाव ओरडलं.

मग त्यांचा. यरीहोच्या वाटेवर आंधळे दोन, असं मत्तय म्हणतो. मार्क म्हणतो एक, आणि त्याचं नावही सांगतो. किती होते? हा सोपा होता. मी गायलो, जिथे दोन बसले तिथे एक बसलेलाच असतो, मार्काने ओळखीचा तेवढा सांगितला. बाया हसल्या. हात वर झाला.

मग बर्नबाला राहवलं नाही. तो गाण्याबिण्याच्या भानगडीत न पडता उभाच राहिला. "नीतिसूत्रांत लागोपाठ दोन ओव्या आहेत. एक म्हणते मूर्खाला उत्तर देऊ नको. दुसरी म्हणते दे. काय करायचं?"

नाथाने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "समोर भोयखेड बसलं असेल तर द्यावं. नाहीतर ते स्वतःला शहाणं समजतील."

मांडव कोसळायचा राहिला. गंमत म्हणजे दुसऱ्या ओवीत कारण तेच दिलं आहे, त्यामुळे आधारही झाला. शेलारसाहेब डोळे पुसत म्हणाले, "बरोबर. आता शेवटचा. सावरगावचा सवाल. हा सोडवला तर ढोलकी भोयखेडची, नाही सोडवला तर सावरगावची."

यमुनामावशी म्हणून आमच्याकडे एक म्हातारी होती. तिने बायकांतून आवाज दिला, "नाथा, सोपा घाल रे बाबा, आमची पोरगी नाही यंदा."

नाथा उठला. दर वर्षी तो बसून गायचा. हार्मोनियमवाल्याला त्याने हळू चाल धरायला सांगितली.

"बाप एक धावत आला, गुरूपायी पडला,
लेक माझी गेली म्हणे, मत्तयाने लिहिला.
तोच बाप, तीच लेक, मार्क सांगे वेगळे,
जीव आहे अजून म्हणे, डोळे तिचे उघडे.
एका मुखी बोल दोन, सांगा खरा कोणता?
लबाड म्हणू कोणाला हो, जवाब द्यावा आता."

मला सवाल कळला. याईराची गोष्ट. मत्तयात तो येशूकडे येतो आणि म्हणतो, माझी मुलगी आताच मेली. मार्कात म्हणतो, मरायला टेकली आहे. मग वाटेत घरून माणसं येऊन सांगतात की ती गेली. पण मला त्याहून जास्त काही कळलं, आणि माझं डोकं तापलं.

"मार्कात डोळ्यांचं काही नाही," मी बसूनच म्हणालो. तेवढ्या महिन्यांत मी त्याला बोललेलं हे पहिलं वाक्य.

"नाही," नाथा म्हणाला. "ते माझं आहे."

"मग काढ. शास्त्रात पदरचं घालायचं नाही."

"काढलं, दाजी. बाकीच्याचा जवाब द्या."

नियम असा की हार्मोनियमवाला एक चाल पूर्ण वाजवेल, तेवढा वेळ. बर्नबा माझ्या कानाशी आला. "सोपं आहे. मत्तय थोडक्यात लिहितो. आधी आजारी, मग मेली, एवढं कशाला, एकदम मेलीच म्हणून टाकलं."

त्याचं कुजबुजणं समोरच्या जीपपर्यंत जातं. नाथा म्हणाला, "थोडक्यात सांगायचं म्हणून कोणी माणूस मारतं का, बर्नबा?"

सावरगाव हसलं. नाथा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मी सवयीने बायकांच्या बाजूला बघितलं. पहिल्या ओळीत यमुनामावशी बसली होती. कोणाची बोटं वर झाली नाहीत. चाल अर्ध्यावर आली. मी मनात याईराला धरलं. घरात पोरगी टाकून हा माणूस बाहेर पडलाय. गर्दीतून चाललाय. मागे काय झालं असेल त्याला माहीत नाही. तो भेटेल त्याला काय सांगत असेल?

आणि तिथे मला रेल्वेचं फाटक आठवलं.

ते मी विसरलो नव्हतो. त्या दिवसापासून त्याच्याकडे बघितलं नव्हतं, एवढंच. झांजा कधी उचलल्या कळलं नाही. मी उभा राहिलो आणि चाल संपायच्या आत गायला लागलो. शब्द जसे आले तसे गायलो.

"घरून निघता बाप म्हणे, जीव आहे अजून,
वाटेमध्ये तोच म्हणे, गेली हातातून.
मार्काने लिहिला एक, मत्तयाने एक,
बाप बोले दोन्ही बोल, वाट त्याची एक."

बर्नबाला काही कळलं नव्हतं, पण त्याने ढोलकी अशी काही वाजवली की आमचं अर्धं गाव उभं राहिलं. शेलारसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं.

"जवाब चांगला आहे. आधार?"

"आधार नाही, पाळकसाहेब."

सावरगाव उसळलं. "आधार नाही! ढोलकी आणा इकडे!"

"थांबा," मी ओरडलो. "आधार नाही, पण साक्ष आहे. साक्ष चालते का?"

शेलारसाहेबांनी चष्मा वर केला. चर्चमध्ये उभं राहून आपल्यावर गुजरलेलं सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. पण सवाल-जवाबात तोवर कोणी दिली नव्हती.

"सांग," ते म्हणाले.

"सरू गेली त्या दिवशी मी मनमाडहून येत होतो. वाटेत मालकाचा फोन आला, माल कुठे म्हणून. मी म्हणालो, बायको सीरियस आहे. पुढे रेल्वे फाटक लागलं. बंद. मी उतरलो, फाटकवाल्याच्या केबिनशी गेलो आणि त्याला म्हणालो, उघड, माझी बायको मेली आहे."

मी शेलारसाहेबांकडे वळलो.

"मला कोणी सांगितलं नव्हतं ती मेली म्हणून. माझ्या तोंडून निघालं. तो फाटकवाला सज्जन माणूस. तो म्हणाला, काका, मेली ना? मग आता घाई कशाला करता? गाडी जाऊ द्या. तर मी त्याची कॉलर धरली. म्हणालो, मेली नाही, सीरियस आहे, मला विचारतेय ती! एका मिनिटात मी दोन्ही बोललो. त्यातलं कोणतं खोटं ते मला आजही सांगता येत नाही. परत टेम्पोत बसलो आणि तिच्याशी बोलायला लागलो."

शेलारसाहेबांनी बायबल उघडलं होतं. "आता घाई कशाला," ते हळूच म्हणाले. "याईरालाही वाटेत तेच सांगितलं लोकांनी. आता गुरूला त्रास कशाला देता." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "साक्ष मी मानतो. पण आमोस, साक्षीचाही नियम आहे. मोशेने घालून दिलाय. एका साक्षीदारावर गोष्ट ठरत नाही. दोन पाहिजेत."

"बरोबर!" सावरगावचा तरणा गडी ओरडला. "फाटकवाल्याला घेऊन या! नाहीतर ढोलकी सोडा!"

"ए, तुझ्या आजोबाला विचार फाटकवाला कुठे असतो," बर्नबा उठला. दोन्हीकडची माणसं उभी राहिली. यमुनामावशी ओरडत होती की भांडणार असाल तर भांडी घासायला चला. मी शेलारसाहेबांकडे बघत होतो. ते नाही म्हणून मान हलवत होते. नियम म्हणजे नियम.

"दुसरा साक्षीदार मी आहे."

नाथा होता. अजून उभाच होता. त्याच्या मंडळातल्या दोघांनी त्याचा सदरा धरला. "खाली बस, नाथा. वेडा झालास का? तू आपला आहेस. आपली ढोलकी जाईल."

"जाऊ दे."

"अरे सवाल तू घातलास!"

"म्हणूनच घातला," नाथा म्हणाला. "दार उघडत नाहीत दाजी. फोन घेत नाहीत. मग विचारू कुठे?"

त्याने सदरा सोडवून घेतला आणि मधल्या मोकळ्या जागेत आला.

"पाळकसाहेब, मी त्या दिवशी दोन फोन केले. घराच्या पायरीवर उभं राहून, लागोपाठ. आत अक्का खाटेवर होती. एक फोन दाजींना केला. म्हणालो, बोलतेय, तुम्हाला विचारतेय. एक फोन सुताराला केला. म्हणालो, अक्का गेली, शवपेटी करायला घे. नंबर लागत नव्हते. दोन्ही फोन मीच केले. दोन्ही वेळेला मला ते खरं वाटत होतं. देवाशपथ सांगतो, दाजी. दोन्ही वेळेला."

तो माझ्याकडे वळून पुढे म्हणाला, "तिने विचारलं होतं तुम्हाला. आमोस निघाले का, म्हणाली. डोळे उघडे होते. ते पदरचं नाही."

शेलारसाहेब पुढे वाकले. "नथानेल, त्या दोन फोनांपैकी आधीचा..."

"पाळकसाहेब!" मी एवढ्या जोरात ओरडलो की हार्मोनियमवाला दचकला. "दोन साक्षीदार मागितले होतेत. दोन झाले. आता जवाब उभा राहिला की नाही, तेवढं सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाथाकडे बघितलं. मग उजवा हात वर केला.

"उभा राहिला. शास्त्रही उभं राहिलं. ढोलकी भोयखेडची."

काय गोंधळ झाला! बर्नबाने मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडलो. पोरांनी झांजा हिसकून घेतल्या. बायका गायला लागल्या, माझ्याच चार ओळी, चुकीच्या चालीत. सावरगावची माणसं नाथाला शिव्या घालत होती आणि त्यातली निम्मी रडत होती. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटत होती. सरू गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या घशातून असा आवाज निघाला.

नाथाने त्यांची ढोलकी गळ्यात अडकवून आणली आणि माझ्यासमोर धरली. हरलेल्याने स्वतःच्या हाताने द्यायची असते.

"घ्या, दाजी."

"पुडीला शाई नीट लावलेली आहे का हिच्या? का फुटकी देतोस?"

"तुमच्या बर्नबापेक्षा नीट आहे."

"ए," बर्नबा म्हणाला, "माझ्यासमोर?"

"चहा घेतलास का?" मी नाथाला विचारलं.

"नाही."

"मग चल घरी."

तो आला. सरूच्या पातेल्यात मी चहा ठेवला. साखर कुठे असते ते त्याला माझ्याआधी सापडलं. आम्ही ओट्यावर बसून प्यालो आणि त्या तरण्या गड्याला पुढच्या वर्षी गायला बसवावं का, यावर वाद घातला. पुढच्या सणाला त्यांनी आम्हाला हरवलं. मीच हरलो, साध्या सवालाला. मला काही वाटलं नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. नाथाचे केस पिकले. मी टेम्पो विकला. आम्ही आठवड्याला फोनवर बोलतो. तो कापसाचं सांगतो, मी गुडघ्याचं सांगतो. सरूची आठवण निघाली तर ती कशी भांडायची, कशी गायची, सगळं बोलतो. कधी बोलता बोलता तो थांबतो. वाटतं, आता सांगेल. मी लगेच हवापाण्याचं काहीतरी काढतो.

त्या दिवशी त्याने पहिला फोन कोणाला केला, मला की सुताराला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.